सेटातला भुंगा

सुतळी तुटली ती नेमकी संजीवनीच्या दुकानासमोर.

शहापूरची पेठ, दुपारची वेळ, दसऱ्यानंतरचं कडकडीत ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आसनगाव स्टेशनावर उतरून आलेला एक उंच, सावळा माणूस पुठ्ठ्याचं खोकं पोटाशी धरून एस.टी. स्टँडकडे निघाला होता. सुतळी तुटली, खोक्याचा तळ फाटला आणि आतलं सगळं, चासी म्हणजे सेटाचा पत्र्याचा सांगाडा, तारांची भेंडोळी, स्क्रूच्या पुड्या, खळ्ळकन रस्त्यावर आलं. त्यातल्या काचेच्या दोन नळ्या तर घरंगळत थेट गटाराच्या कडेला जाऊन थांबल्या.

दुकानातून एक मुलगी धावत बाहेर आली. त्याला वाटलं, बिचारी आपल्या मदतीला आली. कसलं काय! तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही नळ्या उचलल्या, ओढणीनं पुसल्या, उन्हात धरून एक डोळा मिटून निरखल्या आणि सुस्कारा सोडला.

"जिवंत हायेत."

"मी?" तो म्हणाला.

"तुमी नाय हो! व्हॉल्व्ह."

"कसं कळलं?"

"ही माथ्यावर चांदी दिसते ना? चकचकीत हाय बघा. काचेला बारीकसा तडा गेला, आत हवा शिरली, की ही पांढरीफटक पडते. मग संपलं."

तो गुडघ्यावर बसून स्क्रू वेचत होता. वेचता वेचता म्हणाला, "माणसांना पण अशी चांदी पायजे होती. बघितलं की कळलं, आत हवा शिरलीय का नाय…"

आता मात्र संजीवनीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे हसरे होते, पण खाली काळी वर्तुळं होती. शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं आणि ते त्यानं स्वतःच शिवलेलं होतं. बाईमाणसाच्या हातचं शिवण असं नसतं, हे काय सांगायला पाहिजे?

त्याचं नाव धनेश. टेलिफोन खात्यात टेक्निशियन. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे लागतं, तिथल्या लहानशा टेलिफोन एक्सचेंजला त्याची नेमणूक. एक्सचेंज म्हणजे एक खोली, खोलीत यंत्रांची कपाटं, मागच्या खोलीत धनेश. मूळचा खर्डीचा, पण आईवडील गेले, बहीण लग्न होऊन लांब गेली, खर्डीच्या घराला कुलूप. अख्ख्या पट्ट्यातले फोन हा जोडून द्यायचा. ह्याला मात्र फोन यायचा तो खात्याच्या साहेबाचाच. मुंबईला बॅटऱ्यांच्या कामासाठी गेला होता, तिथल्या एका दुकानात व्हॉल्व्हच्या प्रीअॅम्पचा, म्हणजे गाण्याचा बारीक आवाज आधी मोठा करणाऱ्या सेटाचा, सुटा संच दिसला. सगळे भाग डब्यात, जोडायचं आपण. घेऊन टाकला.

"गाणी ऐकायची हौस दिसते," संजीवनी म्हणाली.

"ऐकायची नाय एवढी. संध्याकाळी हातांना काय तरी काम पायजे. नायतर हात नुसते पडून राहतात."

संजीवनीनं स्क्रूची एक पुडी उचलून त्याच्या हातात दिली. तिला ते फार नीट कळलं होतं.

आता संजीवनीबद्दल. तिचे वडील, लडकूशेठ, हे पेठेतले जुने रेडिओवाले. शेठ नावालाच, बाकी खिशात कायम स्क्रू आणि पेपरमिंट. पोरीला बारावीपर्यंत शिकवलं आणि सुट्टीत स्वतःच्या टेबलावर बसवलं. सोल्डरच्या राळेचा धूर नाकात गेला की हिचं सर्दीपडसं पळतं, असं ते कौतुकानं सांगायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून दुकान ही चालवायची आणि संध्याकाळी सापगावला घरी आईकडे जायची. पाहुणे येऊन बघून गेले. पण हातावरचे सोल्डरचे डाग बघितले की त्यांचा चहा घशाखाली उतरेना. 'दुकान बंद कराल ना?' असं एकानं विचारलं, तेव्हा ही उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. आई बाईजा म्हणायची, "अगो, थोडं हसून बोललीस तर काय दात पडतील?"

खरं सांगायचं तर त्या दुकानात बोलायला होतंच कोण? टीव्ही, टेपरेकॉर्डर, कधीमधी एखादा म्हातारा रेडिओ. माणूस बिघडलेली वस्तू ठेवून जायचा, बरी झालेली घेऊन जायचा. वस्तू चांगली दुरुस्त केली की तो माणूस पुन्हा दुकानाकडे फिरकत नाही. धंद्याचं यश ते हेच, आणि संजीवनीच्या एकटेपणाचं कारणही हेच. काम चोख, म्हणून दुकान रिकामं. शटर ओढताना ती कधी कधी आतल्या सेटांना 'येते हं' म्हणायची. कुणी ऐकलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

पुढच्या रविवारी धनेश खोकं घेऊन पुन्हा हजर.

"सोल्डरिंग आयर्न नाय माझ्याकडे. म्हणजे… खात्याचं हाय. पण ते खात्याचं."

"मुरबाडला दुकानं नायत का? तुमाला जवळ पडंल. इथं यायचं म्हणजे सरळगावला गाडी बदला, किन्हवलीवरून धक्के खात या…"

"हायेत की दुकानं."

"मग?"

"तिथं सुतळी तुटली नाय."

समोरच्या चहाच्या टपरीवरून बारकू ऐकत होता. त्याला एवढं जोरात हसू फुटलं की गाळणं हातातून पडलं. संजीवनी लाल झाली आणि विनाकारण पक्कड शोधू लागली. ती तिच्या हातातच होती.

तर असे ते रविवार सुरू झाले. लडकूशेठच्या टेबलावर चासी उताणी पडलेली, एका स्टुलावर तो, एका स्टुलावर ती, मध्ये राळेचा धूर. संचाबरोबर आलेला इंग्रजी कागद धनेश वाचायचा आणि संजीवनी त्याला नाक मुरडायची.

"कागद बोलतो, अर्थिंगची तार चासीला जवळ पडंल तिथं जोडा."

"कागदाला काय जातंय बोलायला. असं केलंत तर भुंगा बसेल सेटात."

"भुंगा?"

"स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो ना, त्याला बाबा भुंगा बोलायचे. प्रत्येक भागाची अर्थची तार वेगळी काढा आणि सगळ्या या एकाच स्क्रूवर आणून बांधा. बाबा बोलायचे, खाचरातलं पाणी काढायला बांधाला एकच वाट ठेवावी. दोन ठेवल्या की पाणी या वाटेनं जातं, त्या वाटेनं परत येतं, आणि आतल्या आत फिरत बसतं. विजेचं पण तसंच."

"आणि या तारा? व्हॉल्व्ह तापवायच्या?"

"त्या दोघींना एकमेकीत पिळायच्या. घट्ट. आणि कोपऱ्याकोपऱ्यानं न्यायच्या, गाण्याच्या तारेपासून लांब. जवळ आल्या की भुंगा."

"अवघड हाय. लांब ठेवलं तर बरं, जवळ आणलं तर भुंगा…"

"मी तारांबद्दल बोलतेय."

"मी पण तारांबद्दलच बोलतोय."

गाण्याची तार जिथून आत शिरते ती दोन सॉकेटं त्यानं स्वतःच्या हातानं बसवली. त्यांच्याखाली लाल फायबरचे वॉशर घातले, म्हणजे सॉकेट पत्र्याला टेकणार नाही आणि अर्थला चोरवाट मिळणार नाही. तारांच्या जुड्या बांधायला त्यानं खिशातून मेणाचा दोरा काढला. टेलिफोनवाल्यांची ती पद्धतच. चिकटपट्टी नाही, क्लिप नाही, मेणदोऱ्याच्या गाठी. एकसारख्या अंतरावर, एकाच बाजूला झुकलेल्या, शेवटची गाठ उलटी. संजीवनी बघतच राहिली. एवढं नीटनेटकं काम पुरुषाच्या हातून होताना तिनं वडिलांनंतर पहिल्यांदाच पाहिलं.

पण सेटात वीज सोडून तो दोन्ही हात आत घालायला निघाला, तशी ती किंचाळलीच.

"एक हात खिशात घाला! आधी खिशात!"

त्यानं घाबरून घातला. "का?"

"अडीचशे व्होल्ट हायेत आत. एका हातातून शिरले आणि दुसऱ्या हातातून निघाले, तर मधी काय लागतं सांगा?"

"काय?"

"काळीज."

"ते तर आधीच…" तो म्हणाला, आणि पुढचं गिळून टाकलं. खिशातला हात मात्र बराच वेळ तसाच राहिला.

एका रविवारी त्यानं एक्सचेंजच्या अर्थिंगची गंमत सांगितली. अर्थिंगचा खड्डा असतो, कोळसा आणि मीठ भरलेला, त्यातून वर आलेला एक लोखंडी पाइप. खड्डा सुकला तर वीज पडल्यावर सगळी यंत्रं जळायची, म्हणून धनेश रोज सकाळी त्यात कळशीभर पाणी ओतायचा. पाड्यावरची ठमीआजी मोळी घेऊन जाता-येता बघायची. एक दिवस हा पाणी घालायला गेला तर पाइपाला कुंकू, वर झेंडूचं फूल!

"मी विचारलं, आजी हे काय गो? तर बोलते, तू रोज न चुकता पाणी घालतोस, म्हंजे देव जागता असंल."

संजीवनी इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. आपला हसण्याचा आवाज कसा असतो, हे ती विसरूनच गेली होती.

"मग तुमी सांगितलं नाय तिला खरं काय ते?"

"नाय." त्यानं खाली बघत दोऱ्याला गाठ मारली. "रोज कोणतरी येतं तिथं फूल ठेवायला. जरा बोलतं माझ्याशी. खरं सांगितलं तर यायची बंद होईल ना…"

ते वाक्य संजीवनीच्या काळजात रुतलं. त्या रात्री सापगावला जेवताना आईनं भाकरी वाढली तरी तिचं लक्ष नव्हतं.

थंडी पडायला लागली आणि सेट पुरा झाला. शेवटची तार बसली. "चहा सांगून येतो, मग लावून बघू," असं म्हणत धनेश बारकूच्या टपरीकडे गेला. संजीवनी एकटी टेबलाशी उभी राहिली. सेट सुरेख झाला होता. आता तो लावायचा, तो गुपचूप चालणार, धनेश खूश होऊन तो काखोटीला मारणार, सरळगावची गाडी पकडणार. आणि पुढचा रविवार? त्याच्या पुढचा? चांगल्या झालेल्या सेटाचा मालक कधी परत आलाय?

तिनं पाना घेतला. डाव्या सॉकेटचा नट सैल केला, लाल वॉशर काढला आणि नट परत आवळला. झाकण बसवलं. वॉशर ड्रॉवरमध्ये टाकला. लडकूशेठच्या दुकानात आजवर मुद्दाम बिघडवलेला सेट एकही नव्हता.

चहा आला. सेट लावला. स्पीकरमधून घूंऽऽ…

"भुंगा," धनेश हळूच म्हणाला.

"हो ना… कुठून शिरला काय माहीत." संजीवनीनं कपात बघत सांगितलं. "वेळ लागेल शोधायला."

"लागू दे की. मी पण घरी जाऊन बघतो जरा. पुढच्या रविवारी आणतो."

पुढच्या रविवारी भुंगा होताच. त्याच्या पुढच्याही. दोघं स्पीकरच्या तारा बदलून बघायची, प्लग उलटा घालायची, दुकानातला अॅम्प्लिफायर इकडून तिकडे सरकवायची. तळाचं झाकण मात्र संजीवनी काही केल्या उघडेना. उघडलं तर चोरी उघडी पडणार! आणि गंमत बघा, धनेशही 'उघडून बघू या' असं एकदाही म्हणाला नाही. भुंग्याचा आवाज पहिल्यापेक्षा जरा जाड झालाय, असं तिच्या कानाला एकदा वाटलं. लडकूशेठची पोर ती, एरवी अशा आवाजावरून आतला दोष अचूक सांगितला असता. पण त्या दिवशी धनेशनं निळा शर्ट घातला होता, आणि कान काय सांगतात याकडे लक्ष देण्याची तिची अवस्था नव्हती.

"एवढा कसला सेट गो, जो बरा होत नाय?" बाईजानं एकदा विचारलं.

"अवघड हाय, आई."

"सेट अवघड हाय का तू?" आई म्हणाली आणि चुलीत फुंकर घालू लागली.

संजीवनीला लाज वाटायची. दर रविवारी ठरवायची, आज सांगून टाकू. पण सांगायचं काय? की मी तुमचा सेट बिघडवला, कारण तुमी गेलात की मला दुकान खायला उठतं? आठवड्याचे सहा दिवस ती फक्त काढायची, सातव्याच्या आशेवर. संध्याकाळ झाली, तो गाडीत बसून गेला, की शटर ओढताना आता सेटांना 'येते हं' सुद्धा म्हणवत नव्हतं.

होळीच्या आधीचा रविवार. धनेश आला, स्टुलावर बसला, सेट टेबलावर ठेवला, पण तारा जोडल्या नाहीत.

"माझी बदली झाली," तो म्हणाला. "किनवटला. नांदेडच्या पण पुढं. मंगळवारी निघायचं."

संजीवनी सोल्डरिंग आयर्न पुसत होती. पुसतच राहिली.

"सेट राहू दे तुमच्याकडे. एवढ्या लांब काच कुठं सांभाळू? तुमी केलाय, तुमच्याकडेच शोभंल."

"बरं," ती म्हणाली.

"भुंगा हाय त्यात अजून…"

"बघते मी."

त्यानं सेट तिच्याकडे सरकवला. काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. ती काहीतरी बोलेल असं त्याला वाटत असावं. बारकूनं न सांगता चहा आणून ठेवला, तो दोघांनी प्यायला, आणि धनेश उठून गेला. कोपऱ्यावर त्यानं मागं वळून पाहिलं का, हे तिला कळलं नाही. ती बघतच नव्हती. तिला आयर्नचं टोक धूसर दिसत होतं.

सोमवारी सकाळी ती दुकानात आली आणि पहिलं काम म्हणून ड्रॉवरमधून लाल वॉशर काढला. माणूस तर गेलाच, निदान सेट तरी नीट करून ठेवू. बाबांच्या टेबलावर खोटं काम पडून राहायला नको. इतके महिने न उघडलेलं झाकण तिनं उघडलं आणि पाना हातात घेऊन डाव्या सॉकेटवर वाकली.

सॉकेटखाली वॉशर होता.

तिनं डोळे चोळले. हातातला वॉशर बघितला, सॉकेटखालचा बघितला. तिचा हातात होता. हा दुसरा होता, नवा, कातडीचा, कापून काढलेला. मग भुंगा कुठून येत होता? तिनं दिवा खाली ओढला. आणि दिसलं. व्हॉल्व्ह तापवायच्या त्या दोन तारा, ज्या घट्ट पिळून कोपऱ्यातून नेल्या होत्या, त्या कुणीतरी उकलल्या होत्या. उकलून, सरळ करून, मुद्दाम आणून गाण्याच्या तारेला चिकटवून ठेवल्या होत्या. आणि नुसत्या चिकटवल्या नव्हत्या. मेणदोऱ्यानं बांधल्या होत्या, एकसारख्या अंतरावर, एकाच बाजूला झुकलेल्या गाठी, शेवटची गाठ उलटी.

ती मट्कन स्टुलावर बसली. आधी काही कळेना. मग कळलं, तसं हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. म्हणजे हा माणूस… पहिल्याच आठवड्यात ह्यानं तिची चोरी पकडली होती. गपचूप दुरुस्त केली होती. आणि सेट बरा झाला म्हणून घाबरून, स्वतःच्या हातानं परत बिघडवला होता!

मंगळवार म्हणजे उद्या. उद्या कधी? पहाटेच्या गाडीनं गेला तर? तिनं सेट ओढणीत गुंडाळला आणि शटर खाली खेचलं.

"आज बाजाराच्या गर्दीत दुकान बंद?" बारकू ओरडला. "कुठं निघालीस गो?"

"वैशाखऱ्याला!"

"मग पळ ना! सरळगावची लागलीय!"

किन्हवलीच्या रस्त्यावर खड्डे कमी होते म्हणायची सोय नाही. संजीवनीनं सेट मांडीवर असा धरला होता, जसं कुणी तापलेलं पोर दवाखान्यात नेतं. बाहेर कापून झालेली खाचरं, कडेला फुललेला पळस, आणि हिच्या मनात एकच विचार. आजवर मी काऊंटरमागं बसून राहिले. येणारा आला, जाणारा गेला. मी उठून कुणाकडे गेले नाही. आता हा गेला, तर जन्मभर दुसऱ्यांचे सेट बरे करत बसायचं आणि रविवार आला की दाराकडे बघायचं. सरळगावला तिनं धावतच गाडी बदलली.

एक्सचेंज शोधावं लागलं नाही. रस्त्याला लागूनच होतं. बाहेर पाइपापाशी धनेश कळशी घेऊन उभा होता, आणि दारात बांधलेली ट्रंक आणि वळकटी दिसत होती. तिला बघून त्याची कळशी तशीच वाकडी राहिली. सगळं पाणी त्याच्या चपलेत.

"तुमी?"

"हा सेट घ्या आधी. हात मोडले माझे."

त्यानं सेट घेतला. आत नेऊन टेबलावर ठेवला. संजीवनीनं त्याच्यासमोर झाकण उघडलं आणि बोट दाखवलं.

"या तारा कोणी उकलल्या?"

यंत्रांच्या कपाटातून टकटक आवाज येत होता. कुठल्यातरी गावचा फोन कुठल्यातरी गावाला लागत होता.

"…मीच."

"आणि वॉशर?"

"तो तुमी काढलात. मी बसवला होता माझ्या हातानं, घरी जाऊन बघतो तर नाय. त्या दिवशी रात्री झोपच आली नाय मला. आनंदानं."

"मग बोललात का नाय?"

"बोललो असतो तर परत कशाला आलो असतो? सेट तर बरा झाला होता."

"म्हणजे इतके महिने आपण दोघं एकाच सेटाला छळत होतो!" तिला पुन्हा हसू आलं, पण या वेळी ते टिकलं नाही. "काल पण गप्प बसलात. नुसतं 'बदली झाली' बोललात आणि चहा पिऊन गेलात. मी काय समजायचं? मला रात्रभर वाटत होतं, एवढंच होतं. एक सेट होता, तो संपला."

धनेशनं ओल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"तुमी वॉशर काढलात म्हणजे मी रविवारी यावं असं तुमाला वाटतं, एवढं कळलं मला. पण रविवारी येणं वेगळं. माझ्यासारख्याच्या घरी येऊन राहणं वेगळं. काय हाय माझ्याकडे? एक ट्रंक. आज इथं, उद्या किनवट. तुमचं दुकान हाय, आई हाय सापगावला. तुमाला त्यातून उठवून कुठं नेऊ? विचारलं असतं आणि तुमी नाय बोलला असता, तर जे रविवार मिळाले ते पण… कडू झाले असते."

"विचारलंत का पण?"

"नाय."

"मग माझ्या वतीनं नाय कसं ठरवलंत? मी दुकान बंद करून दोन गाड्या बदलून आले, ती काय तारा पिळायला?" तिनं हातातलं झाकण टेबलावर ठेवलं. "मला करमत नाय तुमच्याशिवाय. सहा दिवस मी माणूस नसते. झालं? बोलले. आता तुमी बोला."

धनेश बोलला. फार काही नाही बोलला, त्याला कधी फार बोलता येत नव्हतंच. लग्न कराल का, एवढंच विचारलं, आणि तेही शेवटचे दोन शब्द नीट ऐकू आले नाहीत. पण संजीवनीला आले.

"करीन," ती म्हणाली. "पण दुकान बंद करणार नाय."

"कोण सांगतंय बंद करा? किनवटला काय लोकांचे रेडिओ बिघडत नायत? आणि नायच जमलं, तर बदली दोनच वर्षांची हाय. मी येईन. सुट्टी मिळंल तेव्हा येईन."

"आईला काय सांगू?"

"तुमी काय सांगता? मी येतो ना. आत्ताच येतो."

"आत्ता? ट्रंक बांधून ठेवलीय तुमची…"

"ट्रंक कुठं पळते? मंगळवारचा बुधवार होईल. साहेब बोंबलेल, बोंबलू दे."

त्यानं खुंटीवरचा निळा शर्ट घातला. तिनं तोवर मेणदोरा कापून त्या तारा मोकळ्या केल्या, एकमेकीत घट्ट पिळल्या आणि कोपऱ्यात नेऊन दाबल्या. सेट लावून बघायला वेळ नव्हता. मुरबाडकडे जाणारी गाडी घाटातून उतरताना दिसत होती. दाराशी ठमीआजी मोळी टेकवून उभी होती, तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"ही कोण रे?" तिनं विचारलं.

"सांगतो आजी, आल्यावर सांगतो!" म्हणत धनेश पळाला, आणि संजीवनी त्याच्या मागं.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. सेट दोघांच्या मांड्यांवर अर्धा अर्धा बसला. धनेशचा हात तिच्या हाताजवळ आला, थबकला, आणि मग तिच्या सोल्डरच्या डागांवर अलगद टेकला. तिनं हात काढून घेतला नाही. टोकावड्याजवळ कंडक्टर पंच वाजवत आला. संजीवनीनं सवयीनं पर्स उघडली, पण धनेश आधीच बोलला.

"सरळगाव. दोन द्या."